बाळंतिणीच्या शेजारी कोण?

प्रस्तावना

निर्वासितांच्या छावणीत जन्मलेलं मूल जगेल की नाही, हे अनेक गोष्टींवर ठरतं. पिण्याचं पाणी, शौचालय, लस, डोक्यावरचं छप्पर, थंडी-पाऊस. पहिल्या सहा महिन्यांत मात्र या सगळ्यांच्या आधी एक प्रश्न येतो: बाळाला पाजलं काय जातं? आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच एका प्रश्नात दडलेलं असतं: त्याच्या आईच्या शेजारी बसायला कोण आहे? हे पुस्तक या दुसऱ्या प्रश्नाचं आहे. घरदार सोडून आलेल्या बायका एकमेकींना कशा सावरतात, अंगावर पाजायला, आटलेलं दूध परत आणायला, सहा महिन्यांच्या बाळाला पहिला घास भरवायला एकमेकींना कशी मदत करतात, आणि त्यातून मुलं कशी वाचतात, हे ते सांगतं.

मराठी वाचकाला हा विषय लांबचा वाटेल. पण निर्वासित आपल्याला अनोळखी नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत मोठा भरणा बायका-मुलांचा होता. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं उतरली आणि तिचं उल्हासनगर झालं. छावणीतला संसार म्हणजे काय, हे या मातीनं पाहिलं आहे. त्या संसारातल्या तान्ह्या बाळांचं काय होतं, याकडे मात्र थांबून पाहायला हवं.

आज हे पाहायचं तर नजर बांगलादेशातल्या कॉक्स बाजारकडे वळवावी लागते. २५ ऑगस्ट २०१७नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातल्या हिंसाचारातून जीव वाचवत सात लाखांहून अधिक रोहिंग्या काही महिन्यांत सीमा ओलांडून आले. कुणी नाफ नदीतून होड्यांनी, कुणी चिखलाच्या वाटा तुडवत. आधीपासून तिथे असलेल्या निर्वासितांत त्यांची भर पडली आणि कुटुपालोंग-बालुखालीच्या टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्यांची जगातली सर्वांत मोठी निर्वासित छावणी उभी राहिली. आलेल्यांत निम्म्याहून अधिक मुलं होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुटुपालोंगच्या जुन्या छावणीत झालेल्या पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे २४ टक्के तीव्र कुपोषित आढळली. हे प्रमाण १५ टक्क्यांवर गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ती आणीबाणी मानली जाते.

त्या गर्दीत बाळंत झालेल्या बाईचा विचार करू. आपल्याकडे बाळंतपण म्हटलं की माहेर आठवतं. शेक-शेगडी, डिंकाचे नि अळिवाचे लाडू, रात्री बाळ रडलं तर उठणारी आई, वाकून पाहणारी मावशी. या सगळ्या लाडाकोडात एक शिक्षणही चालू असतं. बाळाला कसं धरायचं, कोणत्या कुशीवर घ्यायचं, छाती दाटून आली तर काय करायचं, हे पहिलटकरणीला पुस्तकातून कळत नाही. बाजूला बसलेल्या बाईच्या हातातून तिच्या हातात येतं. पळापळीत घर जातं, भांडीकुंडी जातात, तशी ही बाजूला बसणारी बाईही जाते. कुणाची आई वाटेत मागे राहिली, कुणाची बहीण छावणीच्या दुसऱ्या टोकाला आहे, कुणाची सासू डोळ्यांदेखत मारली गेली. बाळंतीण एकटी पडते. आणि एकट्या पडलेल्या बाळंतिणीला पहिली शंका येते ती स्वतःच्या दुधाची.

जगभरच्या छावण्यांत आया हेच सांगतात: ‘भीतीनं माझं दूध आटलं.’ त्यांचा अनुभव खोटा नाही, पण त्यामागचं कारण समजून घेतलं तर उपायही सापडतो. दूध तयार होणं आणि पान्हा फुटणं या शरीरातल्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दूध तयार होण्यामागे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक असतं. बाळ जितकं चोखेल आणि स्तन जितके रिकामे होतील तितकं दूध बनत राहतं. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे, आणि भीती, दुःख, वेदना यांनी तो काही वेळ अडतो. दूध असतं, पण उतरत नाही. बाळ चिडतं, आई घाबरते, बाळाला बाजूला ठेवते, वरचं काहीतरी पाजते. चोखणं कमी झालं की मग खरोखरच दूध कमी होतं. हे चक्र तोडायला औषध लागत नाही. बाळाला छातीशी उघड्या अंगाला लावून धरणं, वारंवार पाजणं, दोन घोट पाणी, थोडा आडोसा आणि ‘येईल गं, माझंही आलं होतं’ असं सांगणारं माणूस लागतं. स्वतः जेमतेम खाणाऱ्या आईलाही बाळापुरतं दूध येतं. ती फारच खंगली तरच त्यावर मोठा परिणाम होतो. अशा वेळीही आधी आईला जेवू घालायचं, म्हणजे दोघं सावरतात.

जगानं मात्र अनेक वर्षं वेगळा मार्ग धरला. भूकंप झाला, युद्ध पेटलं की दूध पावडरचे डबे विमानांनी येऊ लागत. देणाऱ्यांच्या मनात दयाच असे. पण पावडरचं दूध निर्जंतुक नसतं. ते सुरक्षितपणे करायचं तर पाणी उकळून, निदान ७० अंश गरम असताना त्यात पावडर मिसळावी लागते, भांडी उकळावी लागतात, उरलेलं दूध टाकून द्यावं लागतं, आणि हे दिवसरात्र मिळून सहा-आठ वेळा. कुटुपालोंगच्या बायका सुरुवातीला जळण आणायला जंगलात जात होत्या. स्वयंपाकाचा गॅस मिळायला २०१८ साल उजाडलं. एका मोळीवर भात शिजवायचा की बाटली उकळायची, यातलं काय मागे पडणार, हे सांगायला नको.

याचे परिणाम मोजलेले आहेत. मे २००६मध्ये इंडोनेशियात योग्यकर्ताच्या परिसरात मोठा भूकंप झाला. दानात आलेलं पावडरचं दूध सरसकट वाटलं गेलं. नंतरच्या अभ्यासात असं दिसलं की ज्या बालकांना हे दूध मिळालं त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण २५ टक्के होतं, न मिळालेल्यांत साडेअकरा. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊत १९९८ साली युद्ध सुरू झालं, तेव्हा ९ ते २० महिन्यांच्या मुलांचा असाच अभ्यास झाला. युद्धाच्या पहिल्या तीन महिन्यांत, अंगावर पिणाऱ्यांच्या मानानं दूध तोडलेल्या मुलांचे मृत्यू सुमारे सहापट होते. शांततेच्या दिवसांत थोडा वाटणारा फरक संकटात जीवनमरणाचा होतो.

ही जाण एकाएकी आलेली नाही. जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापूरमध्ये भर सभेत सांगितलं होतं की गरीब आयांच्या गळ्यात डब्यातलं दूध मारणं ही बाळांची हत्या आहे. पुढे १९८१मध्ये जागतिक आरोग्य सभेनं आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरात-विक्रीसाठी संहिता संमत केली. भारतानं १९९२मध्ये त्यासाठी कायदा केला, बांगलादेशनं २०१३मध्ये आपला कायदा नव्यानं आणला. आणीबाणीतल्या बालपोषणाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २००१मध्ये पहिल्यांदा निघाली आणि २०१७मध्ये सुधारली गेली. त्यांचा गाभा असा: पावडरच्या दुधाचं दान मागू नका, स्वीकारू नका, सरसकट वाटू नका, अंगावर पाजणाऱ्या आईचं रक्षण करा, आणि ज्या बाळाला आईचं दूध मिळणं शक्यच नाही, त्याला मोजून-मापून, पाणी, भांडी आणि देखरेखीसकट पर्यायी दूध द्या.

या शेवटच्या कलमावर मला वाचकाला थोडं थांबवायचं आहे. आईच्या दुधाचा आग्रह धरणारी माणसं कधीकधी कठोर होतात. ज्या आईचं बाळ आधीपासूनच बाटलीवर आहे तिला अपराधी वाटायला लावतात. सीरियात युद्धाआधीही पहिले सहा महिने निव्वळ अंगावर पिणारी बाळं निम्म्याहून कमी होती. जुलै २०१२मध्ये जॉर्डनच्या वाळवंटात झातारीची छावणी उघडली, तेव्हा तिथे आलेल्या कितीतरी आयांच्या हातात बाटली होती आणि डबा संपला होता. त्यांना ‘अंगावरच पाजा’ असं सुनावून काय मिळणार? तिथे आयांना आणि बाळांना बसण्यासाठी खास खोल्या उभ्या राहिल्या, सीरियन बायकाच इतर बायकांना बोलवू लागल्या. ज्यांना शक्य होतं त्यांना दूध परत आणायला मदत झाली, ज्यांना शक्य नव्हतं त्यांच्या बाळांची सोय वेगळी पाहिली गेली. पोरक्या बाळांचं, फार आजारी आयांच्या बाळांचं असंच असतं. आधार देणं आणि आग्रह धरणं यांतला फरक ओळखणं, हे या कामातलं पहिलं कसब.

शेजारीण हे काम करू शकते याचा भक्कम पुरावा त्याच बांगलादेशातून आला आहे. ढाक्यात झालेला आणि २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या क्षेत्रात सगळे जाणतात. वस्तीतल्याच, स्वतः मुलांना पाजलेल्या बायकांना थोडं प्रशिक्षण देऊन गरोदर बायकांच्या घरी पाठवलं. बाळंतपणाआधी दोन भेटी, बाळंतपणानंतर लगेच तीन, मग बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरवड्याला, एकूण पंधरा. पाच महिन्यांनी पाहिलं तेव्हा भेटी मिळालेल्या आयांपैकी ७० टक्के बाळाला निव्वळ अंगावर पाजत होत्या. भेटी न मिळालेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. यात नवं औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. दार वाजवणारी, ओळखीच्या बोलीत बोलणारी, परत येणारी एक बाई होती.

त्याच सुमारास, १९९५ साली, मोझांबिकमध्ये आणखी एक रचना आकाराला आली. दहा-पंधरा स्वयंसेविकांचा एक गट नियमित जमतो, एका वेळी एकच गोष्ट शिकतो, आणि मग प्रत्येक जण आपल्या शेजारच्या दहा-पंधरा घरांत ती पोहोचवते. थोड्या प्रशिक्षकांच्या बळावर हजारो घरांचा उंबरा ओलांडता येतो. पुढे अनेक देशांत ही पद्धत उचलली गेली, कारण घरं दाट आणि डॉक्टर विरळ असतील तिथे ती चालते.

रोहिंग्यांच्या छावणीत शेजारणीचं मोल आणखी वाढतं. त्यांची भाषा चितगावच्या बोलीला जवळची असली तरी तीच नव्हे, आणि ढाक्याहून आलेल्या डॉक्टरला तर ती कळत नाही. तिला सर्वांच्या वापरातली एक लिपी नाही, म्हणून छापील पत्रकं तिथे फारशी उपयोगाची नसतात. अनेक घरांत बायका पडद्यात असतात. परका पुरुष आत येणार नाही आणि बाई सहजी केंद्रावर जाणार नाही. शिवाय म्यानमारमध्ये नागरिकत्वच नाकारलं गेलेल्या या लोकांना सरकारी माणसाकडून चांगलं काही येईल अशी सवय नाही. तिथे आत शिरू शकते ती त्यांच्यातलीच एखादी, शेजारच्या झोपडीतली, तीच नदी ओलांडून आलेली.

ती आत जाऊन करते काय? आधी बसते. बाळ पीत असताना नीट पाहते. बाळानं नुसतं स्तनाग्र धरलं आहे की भोवतालचा काळसर भागही तोंडात घेतला आहे, हनुवटी टेकली आहे का, गिळण्याचा आवाज येतो का. पुष्कळदा बाळाला थोडं फिरवून पोटाशी घेतलं की दुखणं थांबतं आणि दूध पुरत नसल्याची तक्रारही जाते. पहिला पिवळसर चीक टाकून न देता पाजायला ती सांगते, मध किंवा साखरपाणी चाटवण्याचा हट्ट धरणाऱ्या आजीला चार शब्दांत समजावते. बाळाला चोखण्याचं त्राण नसेल तर दूध हातानं कसं काढायचं आणि वाटी-चमच्यानं कसं पाजायचं हे दाखवते. आटलेलं दूध परत आणायचं असेल तर बारीक नळीचं एक टोक वाटीतल्या दुधात आणि दुसरं स्तनाग्राजवळ धरतात, म्हणजे बाळ चोखतही राहतं आणि उपाशीही राहत नाही; या खटाटोपात किती दिवस जातील सांगता येत नाही, म्हणून तिथे धीर देणारी लागतेच. बाळ सहा महिन्यांचं झालं की दंडाचा घेर मोजायची रंगीत फीत तिच्या उपयोगी पडते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खालचा लाल पट्टा दिसला तर ती वाट पाहत नाही, बाळाला त्याच दिवशी पोषण केंद्रात नेते.

सहा महिन्यांनंतरचा भाग अधिक अवघड आहे आणि त्याबद्दल बोललं कमी जातं. आपल्याकडे उष्टावण होतं, मग मऊ भात, वरण, तूप, केळं असं एकेक ताटात येतं. छावणीतल्या आईकडे शिधा असतो: तांदूळ, डाळ, तेल. त्यातूनच घट्टसर, पिठूळ न होणारं, अधूनमधून अंडं, सुकी मासळी किंवा भाजी घातलेलं काही भरवायचं, तेही दिवसातून दोन-तीनदा आणि अंगावर पाजणं दोन वर्षांपर्यंत चालू ठेवून. पातळ पेज पाजून बाळाचं पोट भरतं, वाढ होत नाही. परसात वेल कसा लावायचा, डाळ आणि तेल बाळाच्या वाट्याला किती घालायचं, हे शेजारणी एकमेकींना शिकवतात.

पण इथेच या आधाराची सीमाही दिसते, आणि ती झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. २०२३ साली निधी आटला आणि जागतिक अन्न कार्यक्रमानं माणशी महिना १२ डॉलरचा शिधा आधी १० आणि जूनपासून ८ डॉलरवर आणला. जानेवारी २०२४मध्ये तो पुन्हा १० झाला. आईच्या ताटातलं जेवण काढून घेऊन तिला पोषणाचे धडे देणं अन्याय आहे. आयांच्या गटाचं काम शिध्याला जोड म्हणून आहे. त्याच्या जागी ते कधीच येऊ शकत नाही.

दुसरी सीमा आधार देणाऱ्या बाईची. ती स्वतःही निर्वासित आहे. तिच्या घरात लहान मुलं आहेत, तिच्या मनातही जळालेलं गाव आहे. २०१७मध्ये रोहिंग्या बायकांवर झालेले लैंगिक अत्याचार संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीनं नोंदवले आहेत. अशा आठवणी घेऊन जगणाऱ्या आईला बाळ जवळ घेणंही कधी जड जातं. तिथे सल्ला उपयोगाचा नसतो, निमूट सोबत लागते, आणि पुढे कुणाकडे पाठवायचं हे माहीत असावं लागतं. हे सगळं पेलणाऱ्या बाईला मानधन, विश्रांती, शिकवणारी वरिष्ठ आणि स्वतःचं मन मोकळं करायला जागा मिळाली पाहिजे. बायकांच्या कामाला सेवा म्हणून गौरवायचं आणि मोबदल्याच्या वेळी हात आखडता घ्यायचा, ही चाल आपल्याकडच्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका चांगल्या ओळखतात.

आपल्या माणसांच्या हातावर विश्वास टाकला तर काय घडतं, हे आपण दोनदा पाहिलं आहे. १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. सीमेजवळच्या बनगावात पटकीनं थैमान घातलं, शिरेतून देण्याचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचं पाणी पिंपात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. पाजत राहा, एवढंच सांगितलं. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यू ४ टक्क्यांच्या आत आले. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. त्याच वाटेवरून पुढे आशाताई देशभर बाळंतिणीच्या दारी जाऊ लागल्या. बनगाव, गडचिरोली आणि कुटुपालोंग यांना जोडणारा धागा हाच: ज्यांना आपण मदत घेणारे समजतो, तेच सर्वांत जवळचे मदत देणारे असतात, फक्त त्यांना ज्ञान, साधनं आणि मान द्यावा लागतो.

हे पुस्तक आरोग्यसेविकांनी कामासाठी वाचावं, आणि इतरांनी समजून घेण्यासाठी. त्यातल्या आया दयेचा विषय म्हणून वाचू नयेत. त्या कठीण परिस्थितीत अत्यंत कुशल काम करणाऱ्या बायका आहेत. आणि वाचून झाल्यावर एक गोष्ट व्हावी असं मला मनापासून वाटतं. महापूर, दरड, भूकंप आपल्याला नवे नाहीत. किल्लारीचा १९९३चा भूकंप आणि कोल्हापूर-सांगलीचा २०१९चा पूर अनेकांच्या आठवणीत आहे. पुढच्या वेळी गल्लीत, मंडळात, कार्यालयात मदत गोळा होईल तेव्हा यादीत दूध पावडरचे डबे लिहू नका. शाळेत किंवा मंगल कार्यालयात लोक आणून ठेवले असतील तर तिथली एक खोली बाळंतिणींसाठी राखून ठेवायला सांगा. तिला दार असू द्या, पिण्याचं पाणी असू द्या, आणि बाळंतिणीला सर्वांच्या आधी जेवण मिळू द्या. मग गावातली आशाताई, अंगणवाडीताई आणि दोन-तीन मुलांना अंगावर पाजलेली एखादी शेजारीण शोधून त्यांना त्या खोलीत बसण्याची विनंती करा, आणि त्यांच्या या कामाचा मोबदला मदतनिधीच्या हिशेबात पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.